भिंतीतलं कपाट करून घेताना

लातूर-नांदेडकडच्या जुन्या माळवदी घरांत जाड दगडमातीच्या भिंतीतच कपाटं असत. आताची वीटभिंत ४ ते ९ इंचांची, त्यामुळे कपाट तिच्यापुढे उभं राहतं.

■ माप : गिलावा-फरशी झाल्यावरच. रुंदी वर, मधे, खाली मोजा. सर्वांत कमी तीच धरा.

■ खोली : हँगरसाठी आतून २२ इंच, सरकत्या दारांना आणखी ३-४ इंच.

■ प्लायवूड : सांगाडा १८ मिमी. मागे न्हाणीघर असेल तर ‘आयएस ७१०’ छापाचंच घ्या.

■ वाळवी : बसवण्याआधी भिंतीलगत वाळवीनाशक मारा.

■ पकड : १९९३च्या किल्लारी भूकंपाचा हा मुलूख, उंच कपाट भिंतीला अँकर बोल्टने आवळा.

मजुरीचा चौरस फूट दर्शनी मापावर की आतल्या कप्प्यांसह, हे सुताराकडून आधीच लिहून घ्या.