नोकरी सोडून धंदा करूं पाहणारांस

भातलावणी उरकून शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते, अशा एका दिवशीं मलकापुरास एक शेतकरी आपल्या तरुण मुलास बरोबर घेऊन आमच्याकडे आले. मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत नोकरीस आहे. काम कायमचें व पगार वेळेवर. ही नोकरी सोडून मलकापुरांत पॉवर टिलर व भातमळणीचीं यंत्रें दुरुस्त करण्याचें दुकान काढावें, असा त्याचा मानस आहे. वडील म्हणाले, "लागल्या भाकरीला लाथ मारूं नये, एवढेंच आम्हांला कळतें. तुम्ही याला चार गोष्टी सांगा." हा प्रश्न त्या एकाच घरचा नव्हे. शाहूवाडी तालुक्यांतील अनेक घरांत तो आज निघत आहे. म्हणून त्याचें उत्तर आम्ही येथें सर्वांसाठीं देत आहों.

या प्रश्नावर बोलतांना कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण नेहमीं दिलें जातें. तथापि तें बहुधा अर्धेंच सांगितलें जातें. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते यांत्रिक रेखाटन शिकवीत. त्या काळीं अशी शिक्षकाची जागा मिळणें हें मोठ्या मानाचें होतें. पुढें बढतीची पाळी आली असतां ती दुसऱ्यास देण्यांत आली, आणि त्यांनीं नोकरी सोडली. इतकी कथा सर्वांस ठाऊक असते. अपमान झाला, राजीनामा दिला, कारखाना उभा राहिला, असा तिचा अर्थ तरुण मंडळी करितात.

परंतु नोकरींत असतांच लक्ष्मणरावांनीं काय केलें, तें पाहावें. फावल्या वेळीं ते संस्थेच्या कर्मशाळेंत जाऊन यंत्रें चालविण्यास शिकले. मुंबईस सायकली विकत घेऊन ते बेळगांवीं पाठवीत. तेथें त्यांचे बंधु रामूअण्णा त्या विकीत, दुरुस्त करीत आणि लोकांस चालविण्यास शिकवीत. सारांश, नोकरी सुटली तेव्हां हातांत विद्या होती, गांवीं दुकान होतें व पाठीशीं भाऊ होता. जमीन आधीं नांगरलेली होती. पेरणी मागाहून झाली.

पुढील गोष्ट आम्हां शेतकऱ्यांस अधिक लागू आहे. बेळगांवीं त्यांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं, आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लांकडी नांगरानें जमीन वरवर उकरली जाते. लोखंडी नांगर ढेकूळ पालथें घालतो व हरळीच्या मुळ्या वर काढतो. इतका उपयोगी जिन्नस असूनही पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमिनीस विष चढतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती खोटी होती हें आज लहान मूलही सांगेल. पण तीं दोन वर्षें कारखानदाराच्या घरांतून गेलीं, आमच्या नव्हे. नव्या धंद्याचा पहिला तोटा गिऱ्हाइकाच्या अविश्वासांतून येतो, आणि तें गिऱ्हाईक पुष्कळदां शेजारीच असतो.

बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं जमीन दिली आणि १०,००० रुपयांचें कर्जही दिलें. १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ३२ एकर माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. त्या माळावर निवडुंग व साप यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. तेथें कारखान्याबरोबर कामगारांचीं घरेंही उभीं राहिलीं. एकट्याच्या हिमतीस असा दुसऱ्याचा विश्वास मिळाला, तेव्हांच तिला फळ आलें.

आतां मलकापुरच्या त्या तरुणाकडे वळूं. आमच्या भागांत पाऊस दांडगा, भाताचीं खाचरें लहान व चढउताराचीं. मोठ्या ट्रॅक्टरास तेथें वळण्यास जागा नसते, म्हणून पॉवर टिलर घरोघर आले. ऐन चिखलणीच्या वेळीं यंत्र बंद पडलें, तर तें टेंपोंत घालून कोल्हापुरास न्यावें लागतें, आणि तोंवर रोपें वाफ्यांत म्हातारीं होतात. तेव्हां गरज खरी आहे. मात्र गरज आहे म्हणून दुकान चालेलच, असें नाहीं; हें काम हंगामी आहे. जून-जुलै व सुगी सोडल्यास उरलेल्या महिन्यांत काय करावयाचें, याचा हिशेब त्याच्याजवळ नव्हता. पाण्याचे पंप, फवारणीचे पंप व वेल्डिंगचीं कामें त्यास जोडावीं लागतील, हें आम्हीं त्यास दाखवून दिलें.

वडिलांच्या भीतीस आम्ही हंसत नाहीं. शेतकरी बियाण्याची कणगी वेगळी ठेवतो. घरांत उपास पडला तरी तिला हात लावीत नाहीं. तोच नियम येथें पाळावा. दोन वर्षें गिऱ्हाईक आलें नाहीं तरी घर चालेल इतकी तजवीज आधीं करावी. जमीन गहाण टाकून मात्र दुकान घालूं नये. येत्या सुगीपर्यंत मुलानें नोकरी सोडूं नये. सुटीच्या दिवशीं गांवोगांव फिरून दहावीस यंत्रें दुरुस्त करावीं, मोबदला रोख घ्यावा व वही ठेवावी. लोक दुसऱ्यांदा बोलावतात कीं नाहीं, हें ती वही सांगेल. आमच्या उपदेशापेक्षां तिचें सांगणें अधिक भरंवशाचें.

हें ऐकून मुलगा थोडा हिरमुसला आणि वडिलांचा चेहरा खुलला. तेव्हां आम्हीं वडिलांस विचारलें, "तुमचा स्वतःचा टिलर कोणाकडे देतां?" ते म्हणाले, "कोल्हापुरास." घरचा मुलगा हाताशीं असतां बापच यंत्र परगांवीं नेतो, तर गांवानें त्याजवर विश्वास कां ठेवावा? वडील कांहीं वेळ बोलले नाहींत. नंतर मुलाकडे न पाहतां म्हणाले, "रविवारीं येशील तेव्हां खोलून बघ."

आमच्या सभासदांस आमचें सांगणें एवढेंच कीं, आपल्या गांवीं असा कोणी धंदा मांडील तर त्याला दया म्हणून काम देऊं नये. एक काम देऊन पारखावें. चांगलें झाल्यास दुसरें द्यावें, वाईट झाल्यास तोंडावर सांगावें. आणि पैसे उधार ठेवूं नयेत.