भडका ओसरेपर्यंत काय करायचं?

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या बाजारात सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की ओल मोजणाऱ्या एका छोट्या यंत्राची सत्ता चालते. मूठभर दाणे त्यात टाकायचे, आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर भाव तुटतो. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण त्या भावानं माल घालायचा तर ओल बारा टक्क्यांच्या आत हवी. काढणीच्या वेळी पावसात सापडलेला माल बारावर कुठून येणार? नोव्हेंबरात ही मर्यादा पंधरापर्यंत सैल झाली. तोवर ज्याला थांबणं परवडत नव्हतं, त्यानं मिळेल त्या भावानं माल मोकळा केला होता.

समजा, असाच एक शेतकरी संध्याकाळी शेलूबाजारच्या रस्त्यानं घरी निघालाय. डोक्यात कृषी केंद्राची उधारी, बँकेचं पीककर्ज, पोरीच्या अकोल्यातल्या नीटच्या क्लासची फी. उंबरठ्यात पाय पडतो न पडतो तोच घरातून प्रश्न येतो, "काय भाव लागला?" प्रश्न साधाच आहे, पण त्याचं डोकं फिरतं. छाती धडधडते, कानशिलं तापतात, हाताला कंप सुटतो. घरचे म्हणतात, "टेन्शन कायले घेता? मनाले लावून घेऊ नका." शेजारचा म्हातारा म्हणतो, "धीर धर बापू, होईल सारं बरोबर." सगळे मनापासूनच बोलतात. पण धीर धरायचा म्हणजे हातापायांनी नेमकं काय करायचं, पुढचा अर्धा तास काढायचा कसा, हे कोणी सांगत नाही.

हा अर्धा तास कसा काढायचा, यावर आयुष्य खर्ची घातलेली एक बाई आहे. मार्शा लिनेहान, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, जन्म १९४३चा. स्वतःला इजा करून घेणाऱ्या आणि वारंवार स्वतःच्याच जिवावर उठणाऱ्या स्त्रियांसाठी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी एक उपचारपद्धत बांधली. तिचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, सगळे डीबीटी म्हणतात. तिची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९३ साली पुस्तक आलं. पुढे २०११मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी जाहीर सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. हे त्यांनी सांगितलं तेही त्याच रुग्णालयात उभं राहून. त्यांची कौशल्यं वाचताना ती टेबलावर बसून सुचलेली वाटत नाहीत, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

संपूर्ण डीबीटी मंगरूळपीरला मिळणार नाही. तिला प्रशिक्षित थेरपिस्टांची टीम लागते, आठवड्याचा गट लागतो, अडीअडचणीला फोनवर भेटणारा माणूस लागतो. ते मोठ्या शहरांतच आणि तिथंही थोड्यांनाच शक्य आहे. पण तिच्यातला एक भाग उचलून वापरता येतो. भावना टोकाला गेली असताना त्या वेळेपुरता तग कसा धरायचा, याची ही कौशल्यं आहेत. त्यांच्याकडून अपेक्षाही मर्यादित आहे. प्रश्न सुटावा, मन प्रसन्न व्हावं, असा त्यांचा दावा नाही. आहे ती परिस्थिती आपल्या हातानं आणखी बिघडू नये, एवढंच त्यांचं काम.

ओल धरलेल्या मालाचा सौदा करायचा नसतो, आधी ऊन द्यायचं असतं. भडकलेल्या डोक्याच्या निर्णयांचंही तसंच आहे. हे सगळ्यांना कळतं. अडचण अशी की भडका उडालेला असतो तेव्हा विचार करणारं डोकं जवळजवळ बंद असतं, आणि आपले सगळे उपदेश त्या बंद दारावरच आपटत असतात. म्हणून लिनेहान आधी शरीराकडे जातात.

पहिला उपाय थंड पाण्याचा. ऐकायला घरगुती नुस्का वाटतो, पण त्याच्यामागं शरीरशास्त्र आहे. श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात घातला की कपाळ, डोळे आणि गालांवरच्या मज्जातंतूंमधून मेंदूला संदेश जातो आणि हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. पाण्याखाली जाणाऱ्या सगळ्याच सस्तन प्राण्यांत ही प्रतिक्रिया असते. करायचं असं: मोठं गंज किंवा घमेलं थंड पाण्यानं भरायचं, खाली बसायचं, पुढं वाकायचं, श्वास रोखायचा आणि डोळे-गाल बुडतील इतका चेहरा पाण्यात ठेवायचा. पंधरा ते तीस सेकंद, जमेल तेवढंच. मग वर यायचं, श्वास घ्यायचा, वाटलं तर पुन्हा एकदा. पुस्तकांत बर्फ सांगितलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात नळाला कढत पाणी येतं आणि फ्रीज असला तरी लाईटचा भरवसा नसतो, पण माठ किंवा रांजण घरोघरी असतो आणि त्यातलं पाणी या कामाला पुरतं. घमेलं नसेल तर ओला पंचा घट्ट पिळून, घडी घालून डोळे आणि गालांवर धरायचा, वाकून आणि श्वास रोखून. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, ठोके मंद करणाऱ्या गोळ्या चालू आहेत किंवा बीपी कमी असतं, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

याचा परिणाम थोडा वेळच टिकतो. त्या थोड्या वेळात पुढचं पाऊल टाकायचं असतं आणि ते श्वासाचं. मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. मिनिटाला पाच-सहा श्वास, असं पाच-दहा मिनिटं. मोजणं जमत नसेल तर आणखी एक वाट आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली माळ जपणाऱ्यांचा आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तेव्हा तो आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आलेला दिसला. ज्या गावाच्या नावातच पीर आहे, जिथं दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर दुवा मागणारे आणि बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेला जाणारे एकाच गल्लीत राहतात, तिथं संथ लयीत नाव घेणं कोणाला नव्यानं शिकवावं लागणार नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानं पाहावा. इथं मला फक्त श्वास लांबवण्याशी मतलब आहे.

अंगात इतकी आग असेल की बसवतच नाही, तर बसू नये. दहा-पंधरा मिनिटं झपाझप चालावं, गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत जाऊन यावं, विहिरीवरून पाण्याच्या खेपा आणाव्यात. रागानं शरीरात साठवलेली ताकद खर्च करायची, इतकंच. (लाकडं फोडायची मात्र नाहीत. त्या वेळी हातात कुऱ्हाड नको.) शेवटी स्नायू: श्वास घेताना मुठी, खांदे, जबडा घट्ट आवळायचा आणि सोडताना एकदम ढिला सोडायचा.

लक्ष वळवण्याचे आणि पाच इंद्रियांना सुखावण्याचे उपायही या कौशल्यांत आहेत. गवती चहाचा वास, गायीच्या मानेवरून हात फिरवणं, आवडीचं गाणं. ज्याला जे लागू पडेल ते त्यानं घ्यावं.

दारूबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ती तात्काळ काम करते, म्हणूनच माणूस तिच्याकडे जातो. दारू वाईट, एवढंच सांगून कोणी सोडत नाही. लिनेहान यांची पद्धत वेगळी आहे: डोकं शांत असेल त्या दिवशी कागद घ्यायचा. भडक्याच्या भरात आपण जे करतो, दारू पिणं, बायकोवर हात उचलणं, स्वतःला इजा करणं, त्याचे फायदे आणि तोटे लिहायचे. फायदेसुद्धा, आणि प्रामाणिकपणे. मग तसं न करण्याचेही फायदे-तोटे लिहायचे. तो कागद घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायचा आणि वेळ आली की वाचायचा. शांत डोक्याचा माणूस तापलेल्या डोक्याच्या माणसाला चिठ्ठी लिहितो आणि दोघे एकच असतात, म्हणून ती पटण्याची शक्यता असते. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावी. ते लिहून घेतानाच घरात जे बोलणं होतं, ते कागदाहून मोलाचं ठरू शकतं.

आता सगळ्यात अवघड भाग. लिनेहान त्याला समूळ स्वीकार म्हणतात आणि तो त्यांनी झेन साधनेतून घेतला. जे घडलं आहे ते घडलं आहे, हे पूर्ण मान्य करणं. आपल्याकडे हे ऐकलं की लोक लगेच 'नशिबात होतं' वर येतात आणि मला तिथं भांडायचं आहे. नशीब म्हणणारा माणूस पुढचं दार लावून घेतो. स्वीकार करणारा म्हणतो, भाव तुटला, हे आता बदलणार नाही. बँकेत कोणत्या दिवशी जायचं ते ठरवू. 'असं व्हायलाच नको होतं' हे वाक्य रात्रभर घोळवण्यात जी ताकद जाते, ती स्वीकारानं वाचते. भाव चुकीचा होता हे म्हणायला, मोर्चात जायला, अर्ज करायला स्वीकार आड येत नाही. मराठी वाचकाला ही वाट तशी अनोळखी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, तिचाही भर 'मला हे सहनच होणार नाही' या ठाम समजुतीला प्रश्न विचारण्यावर आहे. सहन होणं जड आहे, पण गेल्या वर्षीचंही सहन झालंच होतं.

हे सगळं विदर्भातल्या खेड्यात चालेल का? याचं थोडं उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं. त्यांनी घरोघर जाऊन ताण, नैराश्य यांवर बोलायचं, पहिला आधार द्यायचा, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे धाडायचं. हे डीबीटी नव्हतं, पण गावातल्या माणसानं गावातल्या माणसाला मनाचा पहिला उपचार द्यायचा, ही कल्पना तीच. २०१७ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आकडे आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर उतरलं. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी मदत दारात आली तर माणसं ती घेतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

राज्य सरकारनं २०१५मध्ये चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. वाशीम त्यात आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावलीतून ताणाखालची माणसं हेरायची आणि पुढं पाठवायची, असं त्याचं स्वरूप. माझ्या मते या आशाताईंच्या हातात प्रश्नावलीसोबत घमेल्याचा आणि श्वासाचा धडाही द्यायला हवा. "दादा, झोप लागते का?" असं विचारून फॉर्म भरला आणि ताई उठल्या, तर त्या माणसाच्या पदरात काय पडलं? पाच मिनिटं त्याच्यासोबत श्वास मोजून दाखवला तर निदान एक गोष्ट त्याच्याकडे राहील. घरातल्या बाईलाही तो धडा द्यावा. नवऱ्याचा भडका तीच झेलते आणि स्वतःचा चुलीपाशी गिळते.

या कौशल्यांनी सोयाबीनला भाव मिळणार नाही. कर्ज, पाऊस, बाजार यांचा ताण माणसाच्या मनातून निघालेला नाही आणि तो श्वास मोजून फिटणार नाही. शासनानं समुपदेशनाकडे बोट दाखवून हात झटकले तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण धोरण बदलेपर्यंतच्या रात्रीही काढाव्याच लागतात.

आणि काही रात्री कौशल्यांच्याही पलीकडच्या असतात. तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग अंतराचा होतो. टोकाचा आवेग बहुतेकदा थोडा वेळच टिकतो आणि त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथला आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. म्हणून फवारणीचं औषध घरात ठेवूच नये, लागेल तेवढंच आणावं, उरलेलं कुलपात आणि किल्ली दुसऱ्या कोणाकडे.

कोणाचं वागणं पाहून शंका आली तर थेट विचारावं, "भाऊ, जीव द्यायचा विचार येऊन राहिला का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर वाद घालू नये, शपथा घालू नयेत, त्याला एकटं सोडू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. मग सोबत बसून वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं. पोलिसांचं लफडं मागं लागेल म्हणून काही घरं दवाखान्यात न्यायला कचरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे.