जलतरणातील अग्रबाहूचा ताण व थकवा : कारणमीमांसा आणि उपाययोजना

प्रस्तावना :

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तयारीत एक तक्रार प्रशिक्षकाच्या कानी वारंवार येते. विद्यार्थ्याला धाप लागलेली नसते, खांदे किंवा पायही दुखत नसतात. तरीही दोन-तीन फेऱ्यांनंतर अग्रबाहू, म्हणजे कोपर ते मनगट हा भाग, कडक होतो आणि हात पाणी ओढेनासा होतो. अशा विद्यार्थ्याला बहुधा ‘हातात जोर नाही’ असे सांगून मनगटासाठी डंबेल्सचे व्यायाम दिले जातात. बहुतेक प्रसंगी हे निदान चुकीचे असते. ज्या स्नायूंना काम कमी करावयास शिकवायचे, त्यांच्यावरच अधिक काम लादले जाते. मूळ सवय तशीच राहते आणि कित्येकदा विद्यार्थी पोहणेच सोडून देतो. प्रस्तुत लेखात मुक्तशैलीच्या संदर्भात या थकव्याची कारणे व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

अग्रबाहूची रचना व थकव्याचे स्वरूप :

बोटे मिटविणारे आणि उघडणारे प्रमुख स्नायू बोटांत नसून अग्रबाहूत असतात. लांब कंडरांच्या द्वारे ते मनगट ओलांडून बोटांची हालचाल घडवितात. एका हाताने दुसऱ्या हाताचा अग्रबाहू धरून मूठ आवळली असता ही गोष्ट सहज प्रत्ययास येते. बोटे ताठ व एकमेकांस चिकटवून धरली तर मिटविणारे व उघडणारे असे दोन्ही गट एकाच वेळी आकुंचन पावतात. बाहेरून हात स्थिर दिसतो. आत मात्र परस्परविरोधी ओढाताण चालू असते. सतत टिकवून धरलेल्या अशा आकुंचनात स्नायूंतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा मंदावतो आणि थकवा लवकर येतो. तीन तास उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा हात भरून येतो तोही पुष्कळ अंशी याच कारणाने. लेखणी जड नसते, तिच्यावरील पकड घट्ट असते.

मुक्तशैलीत निसर्गतःच विश्रांतीची सोय आहे. हात पाण्याबाहेरून पुढे येतो तेव्हा त्यावर पाण्याचा भार नसतो. २५ मीटरच्या तलावात एका फेरीस २० हात धरले तर १५०० मीटर अंतरात १२०० हात होतात, म्हणजे प्रत्येक हातास ६०० वेळा ही विश्रांती मिळावयास हवी. हवेतही बोटे ताठ ठेवणारा जलतरणपटू ती ६०० वेळा गमावतो.

तंत्रातील दोष :

‘बोटांमधून पाणी निसटते, म्हणून ती घट्ट मिटावीत’ हा समज दृढमूल आहे. संगणकीय प्रतिकृती व वायुबोगद्यातील प्रयोग यांवरून असे दिसून आले आहे की, बोटांत किंचित अंतर राहिल्याने हाताची पकड कमी होत नाही, उलट थोडी वाढू शकते. कारण अरुंद फटींतून पाणी सहजासहजी वाहत नाही. उभे राहून हात सैल सोडला असता बोटांची जी नैसर्गिक ठेवण दिसते, ती पोहण्यास पुरेशी आहे.

दुसरा दोष कोपराचा. इंडियाना विद्यापीठातील प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी पाण्याखालील चित्रीकरणाचा आधार घेऊन कोपर वाकवून हात ओढण्याच्या तंत्राचे विवेचन केले. त्यांचा ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. कोपर उंच राहिले तर तळहात आणि अग्रबाहू मिळून एकच वल्हे बनते व ते ओढण्याचे काम पाठ आणि छातीचे मोठे स्नायू करतात. कोपर खाली पडले की अग्रबाहूचा पृष्ठभाग निरुपयोगी ठरतो. मग जलतरणपटू मनगट वाकवून केवळ पंज्याने पाणी ओढू पाहतो. त्यातच घाई झाली तर भार एकदम वाढतो. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हाताचा वेग दुप्पट होताच रोध सुमारे चौपट होतो.

तिसरे कारण अग्रबाहूत नसतेच, आणि म्हणूनच ते नजरेतून सुटते. श्वास घेण्यासाठी डोके वर उचलले की पाय बुडू लागतात. तोल सावरण्यासाठी पुढचा हात पाण्यावर खाली दाबला जातो. या दाबाने शरीर पुढे सरकत नाही, मनगट मात्र शिणते. खेड्यांत कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकविण्याची जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची म्हणावी लागेल. तीत तरंगण्याची जबाबदारी हातांवर नसे. तलावाची दांडी घट्ट धरून पहिले धडे घेणारा विद्यार्थी ती पकड पाण्यातही बरोबर नेतो.

उपाययोजना :

यावरून उपायांचा क्रम ठरतो. प्रथम श्वास आणि शरीराची पातळी सुधारावी : डोके न उचलता शरीराबरोबर कडेला वळवावे आणि पाण्यात उच्छ्वास सतत सोडावा. श्वास कोंडल्यास सर्वच स्नायू ताठरतात. त्यानंतर हात पाण्याबाहेर असताना बोटे लोंबती ठेवण्याचा सराव द्यावा. बोटांची टोके पाण्याच्या पृष्ठभागावरून ओझरती नेली तर ताठरपणा तत्काळ लक्षात येतो. पुढे एक फेरी सैल मूठ करून व लगेच दुसरी उघड्या हाताने पोहावयास लावावी. मूठ सैलच हवी, आवळलेली नव्हे. पंजा नसताना अग्रबाहूने पाणी कसे अडवावे लागते हे विद्यार्थ्यास यातून उमगते. प्रगती मोजण्यासाठी प्रत्येक फेरीतील हातांची संख्या नोंदवावी. हात सैल ठेवूनही ती वाढली नाही, तर पूर्वीचा जोर वायाच जात होता असे विद्यार्थ्याला स्वतःच पटते. हाताला लावावयाची पॅडल्स या काळात टाळावीत. ती भार वाढवितात, दोष घालवीत नाहीत. पाणी फार थंड असल्यास स्नायूंची कार्यक्षमता घटते, म्हणून तलावाबाहेर अंग तापवून घेणे इष्ट.

वैद्यकीय तपासणीची आवश्यकता :

सर्वच वेदना तंत्रदोषातून उद्भवत नाहीत. करंगळी व अनामिकेत मुंग्या येणे, किंवा अंगठा, तर्जनी व मध्यमा बधिर होणे हे मज्जातंतूवरील दाबाचे लक्षण असू शकते. प्रत्येक वेळी ठराविक श्रमानंतर अग्रबाहू फुगून अतिशय दुखणे व विश्रांतीने थोड्या वेळात पूर्ववत होणे, यामागे स्नायूंच्या आवरणातील दाब वाढण्याचा विकारही क्वचित असतो. कोपराच्या आतील उंचवट्यापाशी बोट दाबताच दुखत असेल, पकड क्षीण झाली असेल किंवा विश्रांतीतही वेदना राहत असेल, तर सराव थांबवून विद्यार्थ्यास अस्थिरोग किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञाकडे पाठवावे. स्पर्धा आठवड्यावर आली असली तरी हा निर्णय शारीरिक शिक्षण संचालकानेच घ्यावयाचा असतो. संघातून वगळले जाण्याच्या भीतीने विद्यार्थी आपणहून सांगत नाही.