काम सुरूच होत नाही तेव्हा

आमच्या एका गटातली गोष्ट सांगतो. गटाच्या सचिव ताईंकडे हिशेबाची वही होती. जत्रेत स्टॉल लावायचा असला की ताई रात्रभर जागून पापडांची पाकिटं भरायच्या. वही मात्र दोन-दोन महिने कोरी. एकदा बैठकीत सगळ्यांसमोर आम्ही बोललो, "पाकिटं भरायला वेळ मिळतो, मग चार ओळी लिहायला का नाही?" ताई गप्प राहिल्या. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. दुसरी सचिव नेमायचा ठराव आम्ही लिहूनही ठेवला.

त्याच सुमारास, मुलाचं वर्गात लक्ष नसतं म्हणून ताई त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं. डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना ताईंना वाटलं, हे तर आपलंच वर्णन! पुढे त्यांची तपासणी झाली आणि निदान तेच निघालं.

एडीएचडी म्हणजे मेंदूच्या वाढीतला फरक. लक्ष टिकवणं, कामाला सुरुवात करणं, वेळेचा अंदाज घेणं अशा गोष्टी जड जातात. हा फरक लहानपणापासून असतो आणि बरेचदा घराण्यात चालत येतो. मुलींमध्ये धावपळ, दंगा कमी आणि हरवल्यासारखं राहणं जास्त दिसतं. म्हणून त्यांना 'वेंधळी', 'आळशी' अशी नावं मिळतात आणि निदान राहून जातं.

अशा बाईला कामाचं महत्त्व कळत नाही का? कळतं, पण वळत नाही. कामाची ओढ निर्माण करण्यात मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. एडीएचडीत ही व्यवस्था वेगळी चालते. काम नवं, आवडीचं किंवा अगदी गळ्याशी आलेलं असलं की मेंदू चटकन जागा होतो. फळ लांब असलं की हात उचलत नाही. जत्रा उद्यावर होती. वही तपासली जाणार ती वर्षाअखेरीला. आणि टोमण्यांनी काय होतं? त्या कामाची धास्ती बसते, मग ते आणखी टळतं.

म्हणून 'मन लागेल तेव्हा करू' अशी वाट पाहायची नाही. सुरुवात सोपी करायची.

पहिलं, पायरी लहान ठेवा. 'वही पूर्ण करायची' असं न म्हणता 'वही उघडून आजची तारीख लिहायची' एवढंच ठरवा.

दुसरं, सोबत घ्या. कुणी शेजारी आपलं काम करत बसलं तरी आपलं काम पुढे सरकतं. पापड-कुरडया आपण एकत्र बसून करतो, तसंच हे.

तिसरं, वेळ दिसू द्या. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा. वाजला की थांबायची मुभा.

चौथं, फळ जवळ आणा. पान भरलं की लगेच चहा.

नवलाई संपली की एखादा उपाय चालेनासा होतो. तेव्हा तो बदला, स्वतःला दोष देऊ नका.

मात्र विसरभोळेपणा दिसला की एडीएचडीच, असं समजू नका. अपुरी झोप, थायरॉइड, रक्त कमी असणं, नैराश्य यांनीही लक्ष लागत नाही. लहानपणापासून घरी आणि बाहेर दोन्हीकडे अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. समुपदेशन आणि औषधं दोन्ही मिळतात. औषध मात्र त्यांच्या सल्ल्यानेच. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आम्ही तो ठराव मांडलाच नाही. ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. मागची सगळी पानं एकत्र बसून भरली, तेव्हा हिशेब पासबुकाशी पैशापैशाने जुळला. आता वही बैठकीतच लिहून होते, एक जण ताईंच्या शेजारी बसते. एखाद्या महिन्यात पान राहतंही. मग पुढच्या बैठकीत आधी तेच भरतो.

तुमच्या गटातही अशी कोरी वही असेल. बोलण्याआधी जरा तिच्या शेजारी बसून पाहा.