बिदरीला चिंच लावू नका!

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी एका जागी गोळा होतात, आणि त्यांच्या गर्दीत बिदरीची सुरई किंवा पानदानही चिंच-मिठाखाली सापडतं. आमच्या छावणीतल्याच एका वहिनींनी सासूबाईंच्या माहेरची सुरई अशीच मन लावून घासली. चांदीची वेल होती तशीच राहिली, पण काळ्याभोर अंगावर राखाडी पट्टे उमटले. "रंग कच्चा निघाला हो," वहिनी म्हणाल्या. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

पण मैत्रिणींनो, तो रंग नसतोच! पुष्कळ जणी बिदरीला मीनाकामाचाच एक प्रकार समजतात. मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. ती धातूच्या खाचांत भरून भट्टीत वितळवतात. जयपुरी दागिन्यांवरचा हिरवा-लाल मीना तो हाच. बिदरीत काचही नाही नि रंगही नाही. तिथे धातूत धातू जडवलेला असतो.

हे नाव बीदरवरून पडलं. बीदर आज कर्नाटकात आहे. पण ते आणि आपलं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात होतं. हिमरूसारखीच बिदरीही म्हणून आपल्याकडे परकी वाटत नाही. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

करण्याची रीत मोठी गमतीची आहे. जस्त पुष्कळ नि तांबं थोडं, साधारण सोळास एक, असं वितळवून वाळूच्या साच्यात भांडं ओततात. घासून गुळगुळीत केलं की त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात, म्हणजे ते तात्पुरतं काळं होतं आणि नक्षीची रेघ नीट दिसते. मग छिन्नीने खाचा कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. खरी जादू शेवटी! बीदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊनपाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात उकळून भांडं त्यात घालतात. जस्त काळंकुट्ट होतं, चांदी मात्र पांढरीच राहते. योग्य माती ओळखायला कारागीर ती जिभेला लावून बघतात म्हणे!

तेव्हा हा काळेपणा म्हणजे धातूचीच वरची पातळ कातडी. आंबट लागलं, राख किंवा घासणी लागली की ती गेलीच. बिदरी मऊ कोरड्या फडक्याने पुसावी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खोबरेल तेलाचं बोट फिरवून जास्तीचं तेल टिपून घ्यावं. इतकंच पुरतं. जस्त ठिसूळ असतं, त्यामुळे उंच फळीवर काठाशी ठेवू नये; पडलं तर तडा जातो. चटणी-लोणचं तर त्यात कधीच नको.

विकत घेताना नक्षीवरून नख फिरवा. खरी चांदी अंगाबरोबर सपाट बसलेली असते. वरून रंगवलेली नक्षी नखाला उंच लागते. हातात घेतल्यावर जडही वाटली पाहिजे.

आणि वहिनींच्या सुरईचं म्हणाल, तर ती काही वाया गेलेली नाही. चांदी शाबूत असली की जाणता कारागीर तोच मातीचा काढा करून भांडं पुन्हा काळं करून देतो. तोवर मात्र तिला घासणी दाखवू नये.