शास्त्रज्ञांचे व्याख्यान आपल्या वस्तीपर्यंत का आले पाहिजे?

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही वस्तीतील अकरा मुला-मुलींना घेऊन पुण्यातील एका संशोधन संस्थेत व्याख्यान ऐकायला गेलो होतो. विषय होता बदलता मान्सून आणि उष्णतेच्या लाटा. प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला होता. तरीही कामगार वस्तीतून आलेले आम्हीच तेवढे. व्याख्याते मनापासून बोलले, पण इंग्रजीत. पडद्यावर आलेख येत होते आणि जात होते. परतताना बसमध्ये बारावीतील एका मुलीने विचारले, "ते सर म्हणाले पारा 41 वर गेला होता. आमच्या पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त वाटतं. मग खरं कोणाचं?"

हा प्रश्न सभागृहात विचारला गेला असता तर ते त्या दिवसातील सर्वात चांगले संभाषण झाले असते. उत्तर असे, की दोघांचेही खरे आहे.

पारा सावलीतला, काम उन्हातले

हवामान खात्याचा तापमापक उन्हात ठेवलेला नसतो. तो पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. पेटीतून हवा खेळते, पण थेट ऊन आत येत नाही. नागपूरचे आणि नाशिकचे तापमान एकमेकांशी ताडून पाहायचे तर सगळीकडे एकच पद्धत हवी, म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण याचा अर्थ बातम्यांत येणारा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. रस्ता झाडणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, डांबर टाकणारा कामगार यांच्या अंगावर थेट ऊन, तापलेली जमीन आणि कामामुळे शरीरात तयार होणारी उष्णता असे तिन्ही एकत्र येते. दिवसभर तापलेले पत्र्याचे छप्पर आत उष्णता फेकत राहते.

त्यात दमटपणा. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. हवेत बाष्प जास्त असेल तर घाम वाळत नाही. म्हणून मुंबईतले 37 अंश विदर्भातल्या कोरड्या 40 अंशांइतकेच किंवा त्याहून घातक ठरू शकतात. हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40 अंश आणि किनारपट्टीवर किमान 37 अंश असा वेगळा निकष ठेवला आहे.

हवामान म्हणजे नेमके काय?

अशा व्याख्यानांत मराठी श्रोत्याचा पहिला गोंधळ शब्दापासून होतो. आज पाऊस पडेल का, यालाही आपण हवामान म्हणतो आणि एखाद्या प्रदेशाच्या तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच म्हणतो. मग थंडीची लाट आली की कोणीतरी म्हणते, "कुठे आहे तापमानवाढ?" शास्त्रज्ञ जेव्हा हवामान बदल म्हणतात तेव्हा ते त्या दीर्घ काळाच्या सरासरीबद्दल आणि टोकाच्या घटनांच्या वारंवारतेबद्दल बोलत असतात, या आठवड्याबद्दल नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस पडायची परिस्थिती जुळली की हे जादा पाणी थोड्या वेळात कोसळू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस मात्र घटत होता. म्हणजे कोरडे दिवसही वाढतात आणि पूरही येतो. "पाऊस कमी झाला" म्हणणारा शेतमजूर आणि "पुराने घर गेले" म्हणणारा त्याचा भाऊ, दोघेही बरोबर असू शकतात.

तिसरी गोष्ट इशाऱ्याच्या रंगांची. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. 24 तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. अंदाज ही शक्यता असते, भविष्यवाणी नव्हे. एकदा अंदाज चुकला म्हणून पुढचा लाल इशारा कानाआड करणे जिवावर बेतू शकते.

ढग सगळ्यांचा, नुकसान कोणाचे?

इथपर्यंत शास्त्रज्ञ सांगतात. पुढचे सांगणे आपले काम आहे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन्ही आदिवासी वस्त्या. शहरांतही नाल्याकाठी, टेकडीच्या उतारावर, कचरा डेपोशेजारी कोण राहते हे आपल्याला माहीत आहे. ढग जात पाहून बरसत नाही, पण कोणाचे घर कुठे असेल हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीनेच ठरवले आहे. समाजशास्त्र शिकताना हे आम्ही पुस्तकात वाचले. वस्तीत काम करताना रोज पाहतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही हाताळले आणि दामोदर खोरे प्रकल्पाच्या आखणीत पुढाकार घेतला. पूर, पाणी आणि माणसाची गरिबी यांचा त्यांनी एकत्र विचार केला होता. त्यामुळे "पर्यावरण हा आपला विषय नाही" असे आपल्या कार्यकर्त्यांनी म्हणणे बरोबर नाही.

मग काय करता येईल?

पहिले, जाऊन ऐका. 28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि 23 मार्चचा जागतिक हवामान दिन या सुमारास पुण्यातील हवामानविषयक संस्था सर्वसामान्यांसाठी दारे उघडतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा उपक्रम 2009 पासून चालू आहे. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे.

दुसरे, बोलावून घ्या. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात लोक जमतातच, आणि तो काळ पावसाचाच. त्यातील एक रविवार एखाद्या शास्त्रज्ञाला द्या. निमंत्रणातच तीन अटी नम्रपणे लिहा: भाषण मराठीत, अर्ध्या तासाचे आणि तेवढाच वेळ प्रश्नांना. प्रश्न आधी महिला मंडळाकडून आणि कामगारांकडून गोळा करा. उदाहरणार्थ: आपल्याला सर्वात जवळचे पर्जन्यमापक कुठे आहे? लाल इशारा आल्यावर आपल्या वस्तीत कोणाला, कोणत्या मार्गाने कळते? आपल्या मागच्या टेकडीची पाहणी झाली आहे का? उन्हाच्या कोणत्या तासांत बाहेरचे काम थांबवावे?

तिसरे, स्वतः मोजा. सरळ कडांचे, सपाट बुडाचे भांडे विहाराच्या गच्चीवर उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, पट्टीने पाण्याची उंची मोजा, वहीत लिहा आणि पाणी ओतून टाका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर नोंद झाली, तर त्याच मुंबईत कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. सरकारी मापक एका जागी असते, पाऊस दुसऱ्या जागी पडतो. तुमची वही हा तुमच्या वस्तीचा पुरावा आहे. नाल्याच्या भिंतीसाठी पालिकेत निवेदन देताना तो सोबत जोडा.

शेतावर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये 'दामिनी' हे ॲपही टाकून द्या. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले हे ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते.

बसमध्ये प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने नंतर एक तापमापक विकत घेतला. एक आठवडा तिने घरातले दुपारचे तापमान लिहून ठेवले आणि शेजारी त्या दिवशीचा हवामान खात्याचा आकडा. ती वही आमच्याकडे आहे. यंदाच्या वर्षावासात येणाऱ्या पाहुण्यांसमोर ती स्वतःच ती वाचून दाखवणार आहे.