गावाकडे तोंड करून उभे असलेले वाडवडील

चिली देशापासून साडेतीन हजार किलोमीटरवर, भर समुद्रात, रापा नुई नावाचं चिमुकलं बेट आहे. १७२२ साली ईस्टरच्या दिवशी डच दर्यावर्दी रोखेव्हेन तिथे पोचला, म्हणून जगाला ते ‘ईस्टर बेट’ म्हणून माहीत.

या बेटावर दगडाचे नऊशेच्या आसपास पुतळे आहेत. त्यांना म्हणतात मोआई. हे घराण्यातले गेलेले वाडवडील बरं का! रानो राराकू या ज्वालामुखीच्या दगडातून बहुतेक कोरलेले. गंमत म्हणजे किनाऱ्यावरच्या बहुतेकांची पाठ समुद्राकडे अन् तोंड गावाकडे. ओसरीवर बसून आजोबांनी पोराबाळांवर नजर ठेवावी, तसे!

पण १८६२ साली पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली. शेकडो माणसं नेली. परतलेल्या थोड्यांबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर उरली अवघी १११ माणसं. जुनी लिपी वाचणारंही कुणी राहिलं नाही.

१८६८ साली ब्रिटिश जहाजाने नेलेला एक मोआई लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१८ साली बेटावरची माणसं तिथे गेली अन् त्याला परत द्या म्हणून त्यांनी विनवलं. बघणाऱ्यांच्या लेखी तो पुतळा. त्यांच्या लेखी मात्र घरचं माणूस!